इस्त्रियाच्या ताटातला चुनखडक

इटलीतील त्रिएस्ते शहरात सैद्धांतिक भौतिकीचे एक आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये ते सुरू केले. तेव्हापासून आपल्याकडचे अनेक संशोधक महिना-दोन महिने तेथे कामासाठी जात आले आहेत. सुट्टीचा दिवस आला की यातील बहुतेकांची पावले पश्चिमेला, व्हेनिसकडे वळतात. माझे मत विचाराल तर ती दक्षिणेकडे वळायला हवीत. त्रिएस्तेच्या खालीच एड्रियाटिक समुद्रात घुसलेले एक त्रिकोणी द्वीपकल्प आहे, त्याचे नाव इस्त्रिया. आकाराने ते गोव्यापेक्षा किंचित लहान. त्याचा बहुतेक भाग क्रोएशियात, वरची पट्टी स्लोव्हेनियात आणि अगदी छोटा तुकडा इटलीत मोडतो. २०२३ च्या जानेवारीपासून क्रोएशियाही शेंगेन करारात आल्यामुळे तिन्ही देशांना एकच व्हिसा पुरतो.

इस्त्रियाला लोक जातात ते ऊन, समुद्र आणि जेवण यांसाठी. द्राक्षांची वाइन, ऑलिव्हचे तेल, कालवे, वाऱ्यावर सुकवलेले मांस, जमिनीखाली वाढणारी ट्रफल नावाची अळिंबी आणि टेकड्यांच्या माथ्यावर बसलेली जुनी दगडी गावे, हे सगळे दोन-अडीच तासांच्या मोटारप्रवासाच्या आत. एवढ्याशा भूमीत इतके पदार्थ कसे एकवटले, असे विचारले की प्रवासी पुस्तिका एका शब्दात उत्तर देतात: माती! वाइनच्या बाटलीमागच्या चिठ्ठीवर तर चुनखडकाची चव वाइनमध्ये उतरल्याचेही वाचायला मिळते. या उत्तरात खरे किती आणि जाहिरात किती, हे तपासून पाहू या. शालेय रसायन-भूगोलापलीकडचे फारसे काही त्यासाठी लागत नाही.

प्रथम ऊन. ४५ अंश उत्तर हे अक्षवृत्त, म्हणजे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या बरोबर मधली रेषा, इस्त्रियाच्या दक्षिण भागातून जाते. उन्हाळ्यात तेथे सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेपंधरा तासांचा असतो. मुंबईत तो सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. सूर्य आपल्याइतका डोक्यावर येत नाही, पण आकाशात जास्त वेळ राहतो. म्हणून जूनच्या उत्तरार्धात त्या अक्षवृत्तावर वातावरणाच्या माथ्याशी दिवसभरात पोहोचणारी सौर ऊर्जा विषुववृत्तावरच्यापेक्षा अधिक भरते. हे वाक्य वर्गात सांगून पाहावे. बहुतेक मुले विश्वास ठेवणार नाहीत, आणि मग दिनमान व सूर्याची उंची यांचा गुणाकार शिकवायला चांगले निमित्त मिळेल.

तीन रंगांची भूमी

इस्त्रियाचे रहिवासी आपल्या भूमीचे तीन भाग सांगतात: पांढरी इस्त्रिया, करडी इस्त्रिया आणि तांबडी इस्त्रिया. ईशान्येकडच्या डोंगरांत चुनखडक उघडा पडलेला आहे, ती पांढरी. तेथील उच्का डोंगराचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच आहे. मधल्या पट्ट्यात चिकणमातीयुक्त खडक आणि वालुकाश्म यांचे पातळ थर पोळीच्या पदरांसारखे एकावर एक बसलेले आहेत. या रचनेला फ्लिश म्हणतात, आणि तिच्यामुळे हा भाग करडा दिसतो. पश्चिमेला आणि दक्षिणेला, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या सपाटीवर, पुन्हा चुनखडकच आहे. पण त्यावर विटेच्या रंगाची माती पसरलेली आहे. ही तांबडी इस्त्रिया. तिच्या मातीला भूगोलाच्या पुस्तकांत तेरा रोसा असे इटालियन नाव आहे. त्याचा अर्थ ‘तांबडी माती’ एवढाच.

हा चुनखडक ज्युरासिक आणि क्रेटेशियस कालखंडांत, उथळ व उबदार समुद्राच्या तळाशी साचला. मधूनमधून तो तळ पाण्याबाहेर येत असावा, कारण किनाऱ्याजवळच्या ब्रियुनी बेटांवर खडकात डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत.

आता खरा प्रश्न. चुनखडक पांढरा, मग त्यावरची माती तांबडी कशी? पाठ्यपुस्तकी उत्तर असे: पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो व सौम्य आम्ल तयार होते. ते चुनखडकाला हळूहळू विरघळवते. कॅल्शियम बायकार्बोनेट पाण्याबरोबर वाहून जाते आणि खडकात असलेली न विरघळणारी चिकणमाती व लोहाची संयुगे मागे उरतात. त्यातील हेमेटाइट या लोहाच्या ऑक्साइडमुळे माती तांबडी दिसते.

हा प्रयोग शाळेत करता येतो. शहाबादी फरशी हा चुनखडकच आहे. तिच्या तुकड्याचा बारीक भुगा करावा, दहा ग्रॅम भुगा तोलून चंचुपात्रात घ्यावा आणि त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे ओतत जावे. बुडबुडे येणे थांबले की गाळ गाळून, धुऊन, वाळवून तोलावा. जो गाळ उरला तो त्या खडकाचा न विरघळणारा भाग. (खडक म्हणून फळ्यावरचा खडू वापरू नका. तो बहुधा प्लास्टरचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो आणि आम्लात टाकला तरी ढिम्म राहतो!)

शहाबादी फरशीतून डोळ्यांना सहज दिसेल इतका गाळ निघतो. इस्त्रियाचा चुनखडक मात्र ठिकठिकाणी ९९ टक्क्यांहूनही शुद्ध आहे, आणि येथेच पाठ्यपुस्तकी उत्तर अडखळते. हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मीटर जाडीची माती म्हणजे साधारण दीड टन. खडकात न विरघळणारा भाग एक टक्का धरला तर एवढ्या मातीसाठी १५० टन खडक विरघळायला हवा. चुनखडकाची घनता घनमीटरला २.७ टन, म्हणजे सुमारे ५५ मीटर जाडीचा खडक. आणि इस्त्रियात काही खळग्यांत ही माती कित्येक मीटर खोल आहे. नुसत्या विरघळण्यातून ती सगळी आली असे मानणे कठीण. मातीतील कणांचा अभ्यास केल्यावर तिच्यात अशी खनिजे सापडली, की जी खालच्या चुनखडकाच्या गाळात नाहीत. ती वाऱ्याने आली. हिमयुगांत पो नदीच्या कोरड्या मैदानावरून उडालेली बारीक धूळ आणि सहारा वाळवंटातून आजही भूमध्य समुद्र ओलांडून येणारी धूळ यांचा या मातीत मोठा वाटा आहे. नेमका किती, यावर संशोधकांचे वाद चालू आहेत.

कोकणातली माती याच रंगाची असल्यामुळे दोन्ही एकच समजण्याचा मोह होतो. रंगाचे कारण एकच, लोहाचे ऑक्साइड. पण जांभा ज्या बेसाल्टपासून बनतो त्यात मुळातच दहा टक्क्यांच्या आसपास लोह-ऑक्साइड असते. तेथे लोखंड बाहेरून आणावे लागत नाही.

वाइनमध्ये खडक लागतो का?

तांबड्या आणि करड्या, दोन्ही इस्त्रियांत माल्वाझिया ही पांढऱ्या द्राक्षाची जात लावतात. तांबड्या मातीतली वाइन अधिक भरदार, जरा जास्त अल्कोहोलची. करड्या मातीतली हलकी, तरतरीत असे तेथील बागायतदार सांगतात. फरक खरा आहे. पण तो खडक चाखल्यामुळे पडत नाही.

वेलीची मुळे खडकाचे कण शोषत नाहीत. ती पाणी घेतात आणि त्यात विरघळलेले पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे आयन घेतात. हे आयन कोणत्याही मातीत असतात. वाइनमध्ये त्यांचे प्रमाण इतके थोडे असते, की आम्ल, अल्कोहोल आणि सुगंधी द्रव्ये यांच्या गर्दीत ते जिभेला वेगळे कळत नाहीत. शिवाय कॅल्शियम कार्बोनेटला स्वतःचा गंध नाही. स्वच्छ धुतलेला चुनखडकाचा खडा चाटून पाहावा, खात्री पटेल. वाइनच्या चिठ्ठीवरचा तो ‘चुनखडकी स्वाद’ ही उपमा आहे. उपमा म्हणून ती ठीक, रसायनशास्त्र म्हणून नाही.

मग फरक कशाचा? पाण्याचा. तांबड्या मातीखालचा चुनखडक भेगाळलेला असतो. पाणी झपाट्याने खाली जाते, वरची माती लवकर कोरडी व ऊबदार होते, आणि उन्हाळ्यात वेलीला पाण्याची थोडी ओढ लागते. अशी वेल पानांचा विस्तार थांबवते, घोस लहान ठेवते आणि फळात साखर अधिक दाट होते. करड्या फ्लिशमध्ये पाणी धरून ठेवणारे थर आहेत. जमीन ओलसर व थंड राहते, द्राक्षे सावकाश पिकतात. वाइनच्या कारखान्यात साखर आणि अल्कोहोल यांचा एक साधा हिशेब असतो: लिटरभर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून आंबवण्यात एक टक्का अल्कोहोल तयार होतो. म्हणजे एका बागेच्या रसात लिटरला २२० ग्रॅम आणि दुसरीच्या रसात २०० ग्रॅम साखर असेल, तर अल्कोहोलमध्ये टक्क्याहून थोडा अधिक फरक पडणार. जिभेला तो कळतो.

दुसरी गोष्ट आम्लाची. कच्च्या द्राक्षात मॅलिक आम्ल भरपूर असते. फळ पिकताना श्वसनात ते खर्च होते आणि हवा जितकी गरम तितका खर्च अधिक. म्हणून रात्री थंड असतील तर आंबटपणा टिकतो. तेरान ही इस्त्रियाची लाल वाइन तिच्या आंबटपणासाठीच ओळखली जाते. (या नावाच्या मालकीवरून स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांचे चांगलेच वाजले. इस्त्रियाच्या क्रोएशियन उत्पादकांना ते काही अटींवर वापरू देण्याचा निर्णय युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये घेतला. द्राक्षाला सीमा कळत नाही, पण चिठ्ठीला कळते.) नाशिककडे बागायतदार हाच आंबटपणा वेगळ्या युक्तीने राखतात. वर्षातून दोनदा छाटणी करून ते पीक अशा वेळी आणतात, की द्राक्षे हिवाळ्याच्या थंड रात्रींत पिकतात. इस्त्रियात वेल हिवाळाभर झोपलेली असते आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या रात्री थंड करण्याचे काम डोंगर व समुद्र यांच्यावर सोपवलेले असते.

समुद्राची उशी

पाण्याचा एक ग्रॅम एका अंशाने तापवायला ४.२ ज्यूल लागतात, कोरड्या वाळूला त्याच्या सुमारे पाचवा भाग. एकाच आकाराच्या दोन डब्यांत वाळू आणि पाणी भरून उन्हात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा. मग डबे सावलीत आणून पुन्हा नोंदवा. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या द्वीपकल्पात हाच प्रयोग वर्षभर चालतो. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून वारा येतो. हिवाळ्यात समुद्र साठवलेली ऊब परत देतो. मधल्या पाझीन गावात थंडीच्या रात्री दहिवर गोठते, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर तापमान शून्याच्या वर असते.

ऑलिव्हच्या झाडाला हे काही अंश जीवनमरणाचे असतात. उणे सात-आठ अंशांखाली ते इजा पावू लागते. म्हणून ऑलिव्हच्या बागा किनाऱ्याला धरून आहेत, आणि १९२९ च्या फेब्रुवारीत युरोपभर पडलेल्या कडाक्याच्या थंडीने त्यांची मोठी हानी केली. हे झाड येथे आपल्या उत्तर मर्यादेच्या जवळ उभे आहे. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने इस्त्रियाच्या तेलाला तेव्हाच्या उत्तम तेलांत बसवले होते.

ताज्या तेलाचा चमचा गिळताना घशात मिरी लागल्यासारखे होते, तो दोष नसून ताजेपणाची खूण आहे. गॅरी बोशाँ या संशोधकाला सिसिलीत तेल चाखताना ही झोंब ओळखीची वाटली. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक द्रवरूपात घेताना घशाला असेच लागते! त्याच्या गटाने २००५ मध्ये दाखवून दिले, की ही झोंब ओलिओकँथाल नावाच्या संयुगाची आहे आणि तेही आयबुप्रोफेनसारखेच शरीरातील दाह वाढवणाऱ्या विकरांना अडवते. अर्थात चमच्याभर तेलाने डोके दुखायचे थांबत नाही.

कालवे मिळतात ती लीमच्या खाडीत. दहा किलोमीटर आत शिरलेली ही चिंचोळी खाडी सगळ्या पाट्यांवर ‘लीम फ्योर्ड’ म्हणून मिरवते, पण ती फ्योर्ड नाही. फ्योर्ड हिमनदी कोरते. येथे हिमनदी कधी नव्हती. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती आणि उत्तर एड्रियाटिक हे कोरडे मैदान होते. त्या मैदानाकडे जाणाऱ्या नदीने ही दरी कापली, आणि बर्फ वितळल्यावर समुद्र तिच्यात शिरला. म्हणजे ही बुडालेली दरी. चुनखडकातून झिरपलेले गोडे पाणी झऱ्यांवाटे खाडीत मिसळते आणि तिची क्षारता थोडी कमी करते. पाणी संथ असल्याने कालवांच्या जाळ्यांना लाटांचा मार बसत नाही. कालव तासाला काही लिटर पाणी गाळून त्यातले सूक्ष्मजीव खाते. त्यामुळे पाणी जसे, तसे कालव. येथे मात्र ‘जागेची चव’ हा शब्द मी अक्षरशः घ्यायला तयार आहे. कालवाच्या शिंपल्यातले पाणी त्या खाडीचेच असते.

वर स्लोव्हेनियाच्या बाजूला, पिरान गावाजवळ, सेचोवल्येची मिठागरे आहेत. मुंबई-रायगडकडच्या मिठागरांसारखेच कोंड्यांतून पाणी पुढे पुढे सरकवत आटवायचे. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम आणि पाणी मूळच्या दहाव्या हिश्श्यावर आले की मीठ बसू लागते; शेवटी उरलेले मॅग्नेशियमचे कडू पाणी सोडून द्यायचे. सेचोवल्येचे वैशिष्ट्य तळाशी आहे. तेथे शतकानुशतके नीलहरित जिवाणू आणि जिप्सम यांची एक पातळ साय मुद्दाम वाढवतात. तिला पेतोला म्हणतात. ती मीठ आणि चिखल यांच्यामध्ये चटईसारखी असते, म्हणून मीठ न धुताच पांढरे निघते. सूक्ष्मजीवांनी करून दिलेली ही फरशीच म्हणायची. हिवाळ्यात ईशान्येकडून बुरा नावाचा कोरडा, थंड वारा सुटतो. मीठ लावून टांगलेल्या डुकराच्या मांड्या तो सुकवतो.

ट्रफल मात्र समुद्र आणि ऊन दोन्ही टाळते. मोतोवून गावाखालच्या मिर्ना नदीच्या ओलसर जंगलात ओकच्या मुळांशी सहजीवन करून ती वाढते, जमिनीखाली. जमिनीखाली असल्यामुळे तिचे बीजाणू वाऱ्यावर उडत नाहीत. कोणीतरी प्राण्याने उकरून खाल्ले तरच ते पसरतात. म्हणून तिने गंधकयुक्त वासाची दवंडी पिटण्याची सोय करून घेतली आहे, आणि शोधायला माणसे कुत्रे नेतात. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये जानकार्लो झिगांते यांना डायना या कुत्रीच्या मदतीने १.३१ किलोग्रॅमची पांढरी ट्रफल सापडली. त्या वेळचा तो जागतिक विक्रम होता. दुकानातले ‘ट्रफल तेल’ मात्र जपून घ्यावे. वासातले मुख्य संयुग प्रयोगशाळेत स्वस्तात तयार होते आणि पुष्कळ बाटल्यांत ट्रफलचा अंशही नसतो.

पाणी जाते कुठे?

शेतांमधून फिरताना जागोजाग गोल, टोपीसारख्या छपराच्या दगडी खोपी दिसतात, चुना-सिमेंट न लावता रचलेल्या. त्यांना काझून म्हणतात. शेतातले दगड वेचून कुठेतरी टाकायचेच, म्हणून त्यांची कुंपणे आणि खोपी झाल्या. पुला येथील पहिल्या शतकातले रोमन रंगमंडळही याच दगडाचे, आणि व्हेनिसच्या कित्येक इमारतींना खारे पाणी सोसणारा पाया याच दगडाने दिला. हे सगळे सुंदर आहेच. पण बराच वेळ चालल्यावर एक गोष्ट खटकू लागते: तांबड्या इस्त्रियात ओढे नाहीत.

पाऊस कमी नाही, पण तो खडकाच्या भेगांतून गडप होतो. पाझीन गावात पाझिन्चित्सा नदी करड्या फ्लिशवरून वाहत येते आणि चुनखडकाला भिडताच गावाच्या कड्याखालील विवरात नाहीशी होते. जूल व्हर्नने १८८५ च्या ‘मातियास सांदॉर्फ’ या कादंबरीत आपल्या नायकाला याच विवरात ढकलून भुयारी नदीतून थेट लीमच्या खाडीत बाहेर काढले. व्हर्न स्वतः पाझीनला गेला नव्हता. पुढे पाण्यात रंग सोडून केलेल्या तपासण्यांत ते पाणी पूर्वेला, राशा नदीच्या खोऱ्यातील झऱ्यांत निघते असे आढळले. नायक चुकीच्या किनाऱ्याला लागला होता!

भेगांतून धावणाऱ्या पाण्याला मातीसारखी गाळणी मिळत नाही. वर शेतात टाकलेले खत किंवा सांडपाणी लवकरच झऱ्यात उतरते, आणि हेच झरे द्वीपकल्पाचे पिण्याचे पाणी आहेत. त्यात पाऊस मुख्यतः शरद ऋतूत पडतो आणि पाहुणे येतात जुलै-ऑगस्टमध्ये, झरे सर्वांत रोड झालेले असताना. २०२२ च्या उन्हाळ्यात अवर्षणामुळे तेथे मोटारी धुण्यावर आणि हिरवळींना पाणी घालण्यावर बंदी घालावी लागली. साठा करायचा तर धरण हवे, आणि चुनखडकावर धरण म्हणजे चाळणीत पाणी. म्हणून बुटोनिगा हा तलाव मध्यभागी, करड्या इस्त्रियातल्या फ्लिशवर बांधलेला आहे.

जाणे जमलेच तर मे किंवा सप्टेंबरचा शेवट निवडावा. सप्टेंबरअखेरीस समुद्र अजून कोमट असतो, द्राक्षतोड उरकत आलेली असते, मिर्नाच्या जंगलात कुत्र्यांचे भुंकणे सुरू झालेले असते, आणि हॉटेलातल्या नळाचे पाणी दुसऱ्या कोणाच्या तोंडचे नसते.